पासबुकातली ३३० रुपयांची ओळ

२०२१ चा पाडवा १३ एप्रिलला होता. त्या दिवशी गुढी उभारली ती ह्यांनीच, पण अंगात कणकण होती. आदल्या रात्री टोमॅटोचे क्रेट भरून पिकअप मार्केटला खाली करून आले होते. जागरणाने अंग मोडून आलं असेल, असं आम्ही दोघं एकमेकांना सांगत राहिलो. चौदा दिवसांनी, २७ एप्रिलला, हनुमान जयंतीच्या पहाटे हे गेले. वय ३८. थोरली पाचवीत होती, धाकटा पाच वर्षांचा.

आमचं गाव नगर जिल्ह्यात, प्रवरेच्या काठाला. (आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे, माझ्या सगळ्या कागदांवर अहमदनगरच आहे.) कोरोनाच्या त्या दिवसांविषयी मी फार लिहिणार नाही. लिहायचं आहे ते नंतरच्या दीड वर्षाबद्दल. घरातला कमावता माणूस गेल्यावर बाईच्या दारात कोण कोण येतं, तिला कुठे कुठे जावं लागतं, कोणता कागद कुठल्या टेबलावर अडतो. हे मला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर माझे कितीतरी हेलपाटे वाचले असते.

तरी एक सांगायलाच हवं. पहिल्यांदा धोका ओळखला तो आमच्या आशाताईंनी, म्हणजे गावच्या आशा सेविकेने. पाडव्यानंतर चौथ्या दिवशी त्या ऑक्सिमीटर घेऊन आल्या. बसल्या जागी ऑक्सिजन ९४ भरला. ह्यांनी सुटकेचा श्वास सोडला. ताई म्हणाल्या, "दादा, अंगणात सहा मिनिटं चालून दाखवा." चालून आले तर ८९. ताईंनी तिथूनच १०८ ला फोन लावला. गावात केलेली अँटिजेन चाचणी निगेटिव्ह आली होती आणि त्या निगेटिव्हच्या भरवशावर आम्ही चार दिवस घालवले होते. नगरला तीन दवाखाने फिरून चौथ्या ठिकाणी बेड मिळाला. सीटी स्कॅनचा स्कोअर २५ पैकी १९.

इकडे मी आणि सासूबाई पॉझिटिव्ह निघालो. घरात दोनच खोल्या, म्हणून आम्हाला जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या विलगीकरण कक्षात ठेवलं. माझी कॉट होती ती थोरलीच्याच वर्गात. फळ्यावर आदल्या मार्चमधली तारीख तशीच होती. मुलं जाऊबाईंनी नेली. त्यांचं स्वतःचं लेकरू तान्हं, तरी त्या एका शब्दाने नाही म्हणाल्या नाहीत. गावातली तरुण पोरं दोन वेळचा डबा शाळेच्या ओट्यावर ठेवून जायची. ह्यांच्या जाण्याचा फोन मला त्या वर्गातच आला. गावात आणता आलं नाही, तिकडेच अग्नी दिला. सासूबाईंनी लेकाचं तोंड पाहिलं नाही, मीही नाही.

शाळेतून घरी आले ती मे महिन्यात. घरात गहू होते, हातात पैसे नव्हते. रेशनवर माणशी पाच किलो धान्य फुकट मिळत होतं. धाकट्याचं नाव अंगणवाडीत होतं म्हणून अंगणवाडीताई गहू, हरभरा, मसूर डाळ असा कोरडा शिधा घरपोच देऊन गेल्या. पहिले दोन महिने आम्ही यावर आणि शेजारच्यांनी न सांगता ठेवलेल्या दुधावर काढले. दवाखान्याचं बिल भावकीकडून आणि बचतगटातून घेऊन भरलं होतं. पिकअपचे हप्ते थकले, तेव्हा फायनान्सवाले दारात आले. जुलैमध्ये गाडी विकून तो विषय मिटवला. ती गाडी गावातूनच जाते अजून. हॉर्न ओळखू येतो.

आता कागद.

पहिला कागद मृत्यूचा दाखला. मला वाटलं होतं ग्रामपंचायतीत मिळेल. पण मृत्यू जिथे होतो तिथे त्याची नोंद होते, म्हणजे दाखला नगरहून आणायचा. तिथे गेले तर ह्यांच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ आणि वडिलांच्या नावातलं एक अक्षर आधार कार्डाशी जुळत नव्हतं. खिडकीतून उत्तर आलं की दवाखान्याने पाठवलं तसं आम्ही लिहिलं. दवाखान्यात गेले तर ते म्हणाले, ॲडमिट करताना तुम्ही सांगितलं तसं आम्ही लिहिलं. ॲडमिट करताना मी नव्हतेच. माझा दीर बाहेर ऑक्सिजनचा सिलिंडर शोधत होता आणि फॉर्म कोणा वॉर्डबॉयने भरला होता. एका अक्षरासाठी प्रतिज्ञापत्र आणि चार फेऱ्या. ज्यांच्या घरात असं काही घडेल त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: दाखला हातात आला की खिडकीपासून हलू नका, तिथेच उभं राहून आधारशी एकेक अक्षर ताडून पाहा.

दाखल्यावर मृत्यूचं कारण लिहिलेलं नसतं, हेही मला तेव्हाच कळलं. कारण असतं ते दवाखान्याने भरलेल्या नमुना ४ मध्ये. ह्यांच्या नमुना ४ वर न्यूमोनिया आणि श्वसन बंद पडणं असं लिहिलं होतं. कोरोना हा शब्द कुठेच नव्हता. आरटीपीसीआरचा स्वॅब घेतला होता, पण रिपोर्ट आमच्या हातात कधी आलाच नाही. त्या वेळी माझ्या डोक्यात हे शिरलं नाही. कागद घडी करून पिशवीत ठेवला. पुढे तोच आडवा आला.

जूनमध्ये राज्यभरातल्या आशांचा संप झाला. कोरोनाच्या कामाचा धड मोबदला नाही, म्हणून. संपाच्या काळातही आमच्या ताई संध्याकाळी ओट्यावर येऊन बसायच्या. म्हणायच्या, "काम बंद आहे, येणं बंद नाही." त्यांनीच एक दिवस सांगितलं की आपल्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याचे हेरंब कुलकर्णी आणि कार्यकर्त्यांनी कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती काढली आहे आणि आपल्या तालुक्यातले एक सर तिचं काम करतात. तो 'एकल महिला' शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तोवर प्रत्येक फॉर्मवर, प्रत्येक तोंडी 'विधवा' ऐकून ऐकून माझं मन घट्ट झालं होतं. शब्द बदलल्याने चूल पेटत नाही हे मलाही कळतं. पण त्या दिवशी ताईंसमोर मी मान वर करून बोलले, हेही खरं.

सर ऑगस्टमध्ये घरी आले. आल्या आल्या त्यांनी फॉर्म काढला नाही. म्हणाले, "ताई, दादांचं बँकेचं पासबुक आहे का? असेल तर आणा." मी आणलं. ते मे २०२० च्या ओळींवर बोट फिरवू लागले आणि थांबले. ३३० रुपये वजा. पुढे इंग्रजी अक्षरं. मी हजार वेळा ते पासबुक चाळलं होतं, बँक काहीतरी चार्ज कापते एवढंच मला ठाऊक. सर म्हणाले, ही प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना. वर्षाला ३३० रुपये कापले जातात, जूनपासून पुढच्या मे अखेरपर्यंत विमा असतो, आणि माणूस कशानेही गेला तरी वारसाला दोन लाख मिळतात. हे गेले २७ एप्रिलला. मे अखेरच्या आत.

कधीतरी खातं उघडताना कोणी सही घेतली असेल. ह्यांनी मला सांगितलं नव्हतं, कदाचित ह्यांनाही ठाऊक नव्हतं. त्या एका ओळीवर मी आणि सासूबाई किती वेळ बघत बसलो.

बँकेत आधी "उशीर केलात" असं ऐकावं लागलं. सर सोबत होते. त्यांनी शांतपणे सांगितलं, ह्या स्वतः आजारी होत्या, दाखला दुरुस्त होऊन आताच हातात आला. उशिराच्या कारणाचा एक अर्ज लिहून घेतला, दाव्याचा फॉर्म, दाखला, नॉमिनी म्हणून माझं आधार, पासबुकाची झेरॉक्स. दिवाळीच्या आधी दोन लाख जमा झाले. बचतगटाचं आणि भावकीचं देणं फिटलं, उरलेल्यात मुलीच्या नावाने पोस्टात ठेवलं. माझ्या एकटीने गेल्यावर ते पैसे मिळाले असते का? मला वाटतं, पहिल्या "उशीर केलात"लाच मी परत फिरले असते.

ऑगस्टच्या शेवटीच सरकारने मिशन वात्सल्य सुरू केलं. कल्पना फार चांगली होती. गावात अंगणवाडीताई, आशाताई, ग्रामसेवक, तलाठी यांनी कोरोनाने नवरा गेलेल्या बाईच्या घरी जायचं, तिला काय काय लागू होतं ते बघायचं, आणि तालुक्याला तहसीलदारांच्या समितीने ते मार्गी लावायचं. वारस नोंद, रेशनकार्ड, निराधार योजना, मुलांचं बालसंगोपन, सगळं एका छताखाली. आमच्या तालुक्यात पहिल्या बैठकीला आम्ही बावीसजणी होतो. बावीसजणी! एका तालुक्यात मला वाटत होतं मी एकटीच आहे. शेजारी बसलेली मुलगी तेवीस वर्षांची होती, कडेवर बाळ. ती पूर्ण बैठकभर काही बोलली नाही. निघताना मला म्हणाली, "तुमच्या फाइलला प्लास्टिकची पिशवी कुठून घेतली?" मी माझी काढून तिला दिली.

वारस नोंद त्यामुळे खरंच लवकर झाली. सातबाऱ्यावर माझं आणि मुलांचं नाव लागलं. दिराने आडकाठी केली नाही. सगळ्याजणींच्या नशिबी असे दीर नसतात, हे बैठकीतच कळलं. एकीला सासरच्यांनी दाखलाच दिला नव्हता.

संजय गांधी निराधार योजनेला मात्र उत्पन्नाचा दाखला लागतो आणि मर्यादा वर्षाला २१ हजार. महिन्याला पडतात १७५० रुपये. दोन मुलं आणि एक म्हातारी सासू असलेलं घर महिना १७५० रुपयांत चालतं, असं मान्य केलं तरच तुम्ही निराधार. मी शेतात मजुरीला जायला लागले होते, म्हणजे तलाठ्याने खरं उत्पन्न लिहिलं तर मी योजनेच्या बाहेर. काम करते म्हणून मदत नाही आणि मदत हवी तर काम करत नाही असं लिहून द्यायचं, यात कुठला न्याय आहे? ही मर्यादा ज्यांनी ठरवली त्यांनी एकदा आमच्यासारख्या घराचा महिन्याचा किराणा भरून बघावा. शेवटी जून २०२२ मध्ये माझं प्रकरण मंजूर झालं. दोन मुलं असल्याने महिना १२०० रुपये. राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे २० हजार मिळाले नाहीत, कारण आमचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत नव्हतं. दोन्ही पालक गेलेल्या मुलांसाठी राज्याने पाच लाखांची ठेव जाहीर केली होती. एकच पालक गेलेल्यांसाठी वाट होती ती बालसंगोपनाची.

बालसंगोपन योजनेत तेव्हा मुलामागे महिना ११०० रुपये होते. (पुढे २०२३ मध्ये २२५० झाले.) कागद नेहमीचेच, शाळेचा बोनाफाईड, रहिवासी, उत्पन्नाचा दाखला, दाखल्याची प्रत. त्यात एक वेगळा होता: आई आणि मुलं घरासमोर उभी आहेत असा मोठा फोटो. गावातल्या स्टुडिओवाल्याला बोलावलं. आमच्या लग्नाचा अल्बम त्यानेच केला होता. मुलांना आंघोळी घालून, केस विंचरून दारात उभं केलं. कॅमेरा समोर आला की धाकटा हसतो, लहानपणापासूनची सवय. स्टुडिओवाला म्हणाला, "वहिनी, सरकारी फोटो आहे, हसलेला चालेल का?" मी काही क्षण गप्प राहिले. मग म्हटलं, "हसू दे." तोच फोटो लावला. बाल कल्याण समितीने त्यावर काही म्हटलं नाही. गृहभेटीला आलेल्या बाईंनी फोटो आणि घर ताडून पाहिलं, मुलांशी शाळेबद्दल बोलल्या, गेल्या. पैसे यायला आठ महिने लागले आणि आले ते कधी तीन महिन्यांचे एकदम, कधी पाच. महिन्याच्या महिन्याला येतील असं धरून कोणी वही-पुस्तकांचा हिशोब करू नये.

सर्वांत जास्त झुंजावं लागलं ते ५० हजारांसाठी. सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ ला सांगितलं की कोरोनाने गेलेल्यांच्या कुटुंबांना सानुग्रह मदत द्यायला हवी. पुढे ५० हजारांची रक्कम ठरली आणि डिसेंबरात राज्याचं पोर्टल सुरू झालं. सेतू केंद्रातून अर्ज भरला. तीन आठवड्यांनी नामंजूर. कारण तेच, नमुना ४ वर कोरोना नाही, पॉझिटिव्ह रिपोर्ट नाही.

मी घरी येऊन पिशवी भिंतीवर टांगली. म्हटलं, जाऊ दे. सासूबाई दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पिशवी काढून माझ्यासमोर ठेवली. म्हणाल्या, "पैशाचं राहू दे. माझा लेक कशाने गेला ते तरी त्यांनी लिहावं." मग मात्र मी सरांना फोन केला.

जिल्ह्याला तेव्हा तक्रार निवारण समिती होती, तिथे दाद मागता यायची. चाचणीचा कागद नसला तरी उपचारावरून तो कोरोनाच होता असं डॉक्टरी निदान निघत असेल, तर मृत्यू कोरोनाचा धरता यायचा. म्हणून दवाखान्याकडून पूर्ण केसपेपर काढायचे. तिथे पहिल्यांदा "रेकॉर्ड सापडत नाही" म्हणाले. लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली, तेव्हा आठवड्यात सापडलं. सीटी स्कॅनचा रिपोर्ट, रेमडेसिविरच्या नोंदी, रोजचा ऑक्सिजनचा चार्ट, आणि ज्या वॉर्डात ठेवलं तो कोविड वॉर्डच होता हे सांगणारी बिलाची पावती. आशाताईंनी त्यांच्या वहीतली नोंद दिली: कोणत्या तारखेला ९४, चालल्यावर ८९, त्याच आठवड्यात त्याच घरातल्या दोघी पॉझिटिव्ह. निळ्या शाईतली, कोपरे दुमडलेली वही. तिची झेरॉक्स मी सगळ्यांत वर लावली.

फेब्रुवारीत सुनावणी. एसटीचा संप चालू होता. पहाटे पाचला काळीपिवळीने निघाले, पुढे मालाच्या टेम्पोत बसले, अकराला पोचले. बाहेर बाकावर आम्ही पुष्कळजण होतो, सगळ्यांच्या मांडीवर तशाच पिशव्या. माझी पाळी आली ती तीन वाजता. समोर एक अधिकारी आणि दोन डॉक्टर. त्यातल्या डॉक्टर बाईंनी सीटीचा रिपोर्ट पाहिला, ऑक्सिजनचा चार्ट पाहिला, मग ती वही. विचारलं, "ही नोंद कोणी केली?" मी म्हटलं, "आमच्या आशाताईंनी." त्यांनी पान उलटून शेजारच्या साहेबांना दाखवलं. मला एवढंच विचारलं की तुम्ही दोघी कधी पॉझिटिव्ह आलात. सहा मिनिटांतच काम संपलं. बाहेर येऊन मला एकदम ते अंगणातलं सहा मिनिटांचं चालणं आठवलं आणि जिन्यातच बसावं लागलं.

मार्चमध्ये ५० हजार खात्यावर आले. सासूबाईंना मी पैशांऐवजी मंजुरीचा कागद दाखवला. त्यांना वाचता येत नाही. कोरोना हा शब्द कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगितलं.

त्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं बंद करायचा ठराव केला आणि सरकारनेही बाकी गावांना तसं करायला सांगितलं. आमच्याकडे शाळेच्या वर्गात ते सगळं माझ्या हाताने मीच उतरवलं होतं, कोणी सांगायच्या आधी. आता मी टिकली लावते. एका कार्यालयात टिकली बघून "तुम्हीच का अर्जदार?" असं विचारलं गेलं. मी होय म्हटलं आणि कागद पुढे केले.

एक गोष्ट मला अजूनही पटत नाही. मृत्यूची नोंद सरकारकडेच झाली. आधार, रेशन, शाळेचा पट, सातबारा, सगळं सरकारकडेच. मग त्याच सरकारच्या पाच टेबलांवर तोच दाखला पाच वेळा घेऊन, नवरा गेला हे मी का सिद्ध करत फिरायचं? मिशन वात्सल्यमध्ये ती वाट दिसली होती. जिथे अधिकारी मनावर घ्यायचे तिथे काम व्हायचं, बदली झाली की बैठका थांबायच्या. आशाताईंची वही जशी घराघरात फिरते, तसा कारभार दारात यायला हवा, तोही पहिल्या महिन्यात, बाई उठून उभी राहायच्या आधी.

आता मी शिलाईचं काम करते आणि सरांबरोबर तालुक्यातल्या घरी जाते. कोरोना गेला, माणसं जायची थांबलेली नाहीत. गेल्या महिन्यात शेजारच्या वाडीवर गेले. मोटार चालू करताना शॉक लागून नवरा गेलेला, बायको एकोणतीसची, घरात पै-पाहुणे, कोणीतरी रडतंय, कोणीतरी चहा ओततंय. मी तिच्याजवळ बसले, थोड्या वेळाने पासबुक मागितलं. तो हप्ता आता ३३० नाही, जून २०२२ पासून ४३६ झाला आहे, आणि अपघाती विम्याचे २० रुपये वेगळे कापले जातात, त्यामुळे दोन्ही ओळी बघायच्या. पासबुक वर्षभर भरलेलंच नव्हतं. तिच्या दिराला ते घेऊन बँकेच्या मशीनवर पाठवलं, आणि तो येईपर्यंत आम्ही दोघी ट्रंकेतून मुलांचे आधार काढत बसलो.